बेरजेच्या क्रमिकांमधील विभाज्यता: ५ ने भाग जाणारे पद का सापडत नाही?

आपण शिरपूर तालुक्यातील शाळेत गणित शिकवता आणि आपला प्रश्न वर्गातूनच आलेला आहे. फळ्यावर १, १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५ ही फिबोनाची क्रमिका लिहिल्यावर मुलांनी पाहिले की दर तिसरे पद सम आहे, दर चौथ्या पदाला ३ ने आणि दर पाचव्या पदाला ५ ने भाग जातो, पण ७ साठी मात्र दर आठव्या पदापर्यंत थांबावे लागते. मग एका मुलीने नियम तोच ठेवून सुरुवात बदलली आणि २, १, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७, ७६, १२३ अशी क्रमिका तयार केली. तिच्यात ५ ने भाग जाणारे पद काही केल्या दिसेना. आपण एक्सेलमध्ये शंभर पदे काढली, तेव्हा त्र्याहत्तराव्या पदापासून पुढची सगळी पदे शून्याने संपताना दिसली. म्हणून आपण विचारता की ५ चा विभाज्य इतक्या उशिरा येण्याचे कारण काय, आणि कोणती संख्या कितव्या पदाला भागेल हे आधी सांगणारा नियम आहे का.

पहिल्या भागाचे उत्तर असे की ५ चा विभाज्य उशिरा येत नाही, तो कधीच येत नाही. जे शून्य आपल्याला दिसले ते एक्सेलचे आहे, क्रमिकेचे नाही. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले पंधराच अंक दाखवते आणि उरलेल्या जागी शून्ये भरते. आपल्या क्रमिकेचे बहात्तरावे पद ६८८८४६५०२५८८३९९ हे पंधरा अंकी आहे, म्हणून ते बरोबर दिसते. त्र्याहत्तरावे पद १११४५७७०५४२१९५२२ हे सोळा अंकी आहे. पडद्यावर ते १११४५७७०५४२१९५२० असे उमटते आणि शेवटचा २ नाहीसा होतो. त्यापुढे काही पदांनी, म्हणजे संख्या ९००७१९९२५४७४०९९२ च्या वर गेली की, केवळ दिसण्यातच नव्हे तर आतल्या साठवणीतही फरक पडू लागतो, कारण तिथून पुढची प्रत्येक पूर्ण संख्या अचूक साठवण्याइतकी जागाच त्या पद्धतीत नसते. विभाज्यता तपासताना मोठी पदे काढणे म्हणूनच टाळावे. पदे न लिहिता फक्त बाक्या लिहाव्यात: मागच्या दोन बाक्यांची बेरीज करावी आणि ती भाजकाएवढी किंवा मोठी झाली तर त्यातून भाजक वजा करावा. मी विद्यार्थ्यांना या विषयात पहिल्या दिवसापासून बाक्यांचाच स्तंभ लिहायला लावतो, कारण पद कितीही मोठे असले तरी बाकी लहानच राहते आणि खरा नियम त्या स्तंभातच दिसतो.

आपल्या दुसऱ्या क्रमिकेच्या ५ ने भागल्यावर येणाऱ्या बाक्या लिहून पाहा: २, १, ३, ४, २, १, ३, ४. पाचव्या आणि सहाव्या जागी पुन्हा २, १ आले. पुढची बाकी केवळ मागच्या दोन बाक्यांवर अवलंबून असल्यामुळे आता हेच चार आकडे अखंड फिरत राहणार, आणि त्यांच्यात शून्य नाही. शंभर काय, लाख पदे पाहिली तरी ५ चा विभाज्य मिळणार नाही, ही गोष्ट चार बाक्यांवरून पूर्ण सिद्ध झाली. म्हणून आपल्या प्रश्नाचा गाभा मी असा मांडेन: बाक्यांच्या या फेऱ्यात शून्य येते का, आणि येत असेल तर किती अंतराने?

फिबोनाची क्रमिकेत शून्य प्रत्येक भाजकासाठी येतेच. याचे कारण समजण्यासाठी क्रमिका एक पाऊल मागे न्यावी. १, १ च्या आधी काय असावे? बेरजेचा नियम पाळायचा तर १ − १ म्हणजे ०. म्हणून मी ही क्रमिका ०, १, १, २, ३ अशी लिहितो आणि त्या शून्याला शून्यावे पद मानतो. पदांसाठी अ(०) = ०, अ(१) = १, अ(२) = १ ही खूण वापरू. आपल्या दुसऱ्या, म्हणजे लुकास क्रमिकेसाठी ब(०) = २, ब(१) = १, ब(२) = ३ असे लिहू. एकोणिसाव्या शतकात या दोन्ही क्रमिकांची विभाज्यता एकत्र अभ्यासणारे फ्रेंच गणिती एदुआर लुकास यांचे नाव दुसरीला मिळाले आहे.

आता ७ च्या बाक्या घ्या: ०, १, १, २, ३, ५, १, ६, ०, ६, ६, ५, ४, २, ६, १, ०, १. शेजारशेजारच्या दोन बाक्यांच्या जोड्या जास्तीत जास्त ४९ असू शकतात, त्यामुळे कधीतरी एखादी जोडी पुन्हा येणे अटळ आहे. परंतु पुन्हा येणारी पहिली जोडी सुरुवातीचीच, म्हणजे ०, १ हीच का असते, मधलीच एखादी का नसते? कारण या नियमाने मागेही तितक्याच निश्चितपणे जाता येते: दोन शेजारची पदे माहीत असली की त्यांच्या आधीचे पद म्हणजे दुसऱ्यातून पहिले वजा. दोन ठिकाणी एकच जोडी आली, तर त्या दोन्ही ठिकाणांहून एकेक पाऊल मागे गेल्यावरही एकच जोडी मिळते, आणि असे करत आपण सुरुवातीला येऊन पोहोचतो. रहाटाला जशी पहिली पोहऱ्याची जागा चुकवून मधूनच फिरता येत नाही, तसेच हे आहे. सुरुवात शून्याने झालेली असल्यामुळे फेरा पूर्ण होताना शून्य यावेच लागते. लुकास क्रमिकेची सुरुवात शून्याने होत नाही, म्हणून फेरा पूर्ण होऊनही शून्याची हमी तिला नाही. आपल्या विद्यार्थिनीने बदललेली गोष्ट वरवर किरकोळ दिसते, पण ती नेमकी या हमीवर घाव घालते.

अंतर समान का असते, तेही याच स्तंभात दिसते. आठव्या जागी शून्य आले आणि त्यानंतर ६. तिथून पुढचा भाग म्हणजे सुरुवातीचाच भाग ६ ने गुणून ७ ने भागल्यावरच्या बाक्या: १ चे ६, पुन्हा १ चे ६, २ चे १२ म्हणजे ५, ३ चे १८ म्हणजे ४, ५ चे ३० म्हणजे २. शून्यानंतर जी काही बाकी आली असेल तिने गुणलेली तीच क्रमिका पुन्हा सुरू होते. तो गुणक भाजकाशी सहमूळ असतो, म्हणजे दोघांना १ शिवाय सामाईक विभाजक नसतो. नसता, तर एखादी मूळ संख्या लागोपाठच्या दोन पदांना भागली असती, आणि मागे मागे जात तिने अ(१) = १ लाही भागले असते, जे अशक्य आहे. भाजकाशी सहमूळ असलेल्या गुणकाने गुणून शून्येतर बाकीचे शून्य होत नाही, म्हणून नवी शून्ये मध्येच उगवत नाहीत आणि जुनी हरवत नाहीत.

असा गुणक उलटा फिरवणारी, म्हणजे त्याला गुणल्यावर बाकी १ देणारी संख्या काढण्याची रीत भास्कराचार्यांच्या लीलावतीत कुट्टक या प्रकरणात आहे. आपल्या खानदेशात ही रीत शिकवताना मला विशेष आनंद होतो, कारण चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. तो काळ १२०७ च्या सुमाराचा. पाटणादेवीला शाळेची सहल जाते तेव्हा मुलांना हे आवर्जून सांगावे.

आता नियम लिहिता येतो. भाजक म साठी ज्या जागी पहिल्यांदा शून्य येते तिला आपण म चे पहिले शून्यस्थान म्हणू. फिबोनाची क्रमिकेतील न व्या पदाला म ने भाग जातो तो न ला या पहिल्या शून्यस्थानाने भाग जात असेल तेव्हाच, आणि तेव्हा नेहमीच. २ चे पहिले शून्यस्थान ३, ३ चे ४, ५ चे ५, ७ चे ८, ११ चे १०, १३ चे ७. भाजक म्हणून क्रमिकेचेच १ पेक्षा मोठे एखादे पद घेतले, उदाहरणार्थ १३, तर त्याचे पहिले शून्यस्थान त्याचीच जागा असते, म्हणून क ने न ला भाग जात असेल तर अ(क) ने अ(न) ला भाग जातो. याहून बळकट विधानही खरे आहे: अ(क) आणि अ(न) यांचा मसावि म्हणजे क आणि न यांच्या मसावीच्या जागेवरचे पद. १४४ बारावे आणि २५८४ अठरावे पद आहे. १२ आणि १८ यांचा मसावि ६, आणि १४४ व २५८४ यांचा मसावि ८, म्हणजे सहावे पद. मात्र याचा उलटा अर्थ मुले पटकन काढतात, तिथे सावध राहावे. जागा मूळ संख्या असली म्हणून पद मूळ संख्या असेलच असे नाही. एकोणिसावे पद ४१८१ = ३७ × ११३ आहे.

हाच गुणधर्म बाक्यांशिवाय, मोजणीने दाखवण्याची एक रीत मला वर्गासाठी सर्वांत योग्य वाटते, आणि तिचे मूळ मराठीच्या तासाला शिकवल्या जाणाऱ्या लघु-गुरूंमध्ये आहे. लघू अक्षराची एक मात्रा, गुरू अक्षराच्या दोन. चार मात्रांची ओळ किती प्रकारे बांधता येईल? ल ल ल ल, ल ल गु, ल गु ल, गु ल ल, गु गु: पाच प्रकारे. एका मात्रेसाठी १, दोनसाठी २, तीनसाठी ३, चारसाठी ५, पाचसाठी ८. शेवटचे अक्षर लघू असेल तर एक मात्रा कमी असलेली ओळ उरते आणि गुरू असेल तर दोन मात्रा कमी असलेली, म्हणून बेरजेचा नियम आपोआप येतो. छंदशास्त्रकार विरहांक आणि नंतर ११५० च्या सुमारास हेमचंद्र यांनी वृत्तांच्या मोजणीत हीच क्रमिका मांडली होती, फिबोनाचीच्या १२०२ मधील ग्रंथाच्या आधी.

आता सात मात्रांची ओळ घ्या आणि तिसऱ्या मात्रेनंतर उभी रेघ मारा. रेघ दोन अक्षरांच्या मधे पडली, तर डावीकडे तीन मात्रांची आणि उजवीकडे चार मात्रांची स्वतंत्र ओळ मिळते, म्हणजे ३ × ५ = १५ प्रकार. रेघ एखाद्या गुरू अक्षराच्या पोटातून गेली, तर ते अक्षर बाजूला ठेवल्यावर डावीकडे दोन आणि उजवीकडे तीन मात्रा उरतात, म्हणजे २ × ३ = ६ प्रकार. एकूण २१, आणि सात मात्रांच्या ओळी २१ च आहेत. न मात्रांच्या ओळींची संख्या अ(न + १) असते हे लक्षात घेऊन हीच गोष्ट सर्वसाधारण रूपात लिहिली की सूत्र मिळते:

अ(क + ख) = अ(क + १) × अ(ख) + अ(क) × अ(ख − १)

अ(ख) ला अ(क) ने भाग जात असेल तर उजवीकडच्या दोन्ही गुणाकारांना अ(क) ने भाग जातो, म्हणून डावीकडच्या पदालाही जातो. ख च्या जागी क, मग २क, मग ३क घेत गेले की क च्या प्रत्येक पटीच्या जागी असलेल्या पदाला अ(क) ने भाग जातो हे सिद्ध होते. नववीच्या मुलांना रेघ मारून ओळी मोजायला लावा, सूत्र ती स्वतःच सांगतील.

याच सूत्रात ख ऐवजी क घातला की अ(२क) = अ(क) × [अ(क + १) + अ(क − १)] मिळते, आणि कंसातली बेरीज म्हणजे बरोबर ब(क), लुकास क्रमिकेचे पद. अ(१०) = ५५ = ५ × ११, अ(१४) = ३७७ = १३ × २९, आणि ११ व २९ लुकास क्रमिकेत आहेत. आपल्या मूळ प्रश्नाचे पूर्ण उत्तर या एका ओळीतून निघते. प ही २ सोडून कोणतीही मूळ संख्या घ्या. ती अ(क) आणि ब(क) या दोघांनाही भागू शकत नाही: ब(क) म्हणजे अ(क) + २अ(क − १), तेव्हा दोघांना भागणारी विषम मूळ संख्या अ(क − १) लाही भागेल, आणि लागोपाठच्या पदांना सामाईक मूळ विभाजक नसतो हे वर पाहिलेच. म्हणून प ने ब(क) ला भाग जात असेल, तर प ने अ(२क) ला भाग जातो पण अ(क) ला जात नाही. म्हणजे प चे पहिले शून्यस्थान २क ला भागते आणि क ला भागत नाही. शून्यस्थान विषम असेल तर असे होऊ शकत नाही, कारण २क ला भागणारी विषम संख्या क लाही भागतेच. उलट शून्यस्थान सम असेल तर त्याच्या निम्म्या जागेवरच्या लुकास पदाला प ने भाग जातो.

५ चे पहिले शून्यस्थान ५, विषम. म्हणून लुकास क्रमिकेत ५ चा विभाज्य नाही. १३ चे ७, १७ चे ९, ३७ चे १९, ६१ चे १५, ८९ चे ११: या मूळ संख्यांचेही विभाज्य तिथे कधीच येत नाहीत. ७ चे शून्यस्थान ८, म्हणून ब(४) = ७. १९ चे १८, म्हणून ब(९) = ७६ = ४ × १९. २३ चे २४, म्हणून ब(१२) = ३२२ = १४ × २३. अशा प्रकारे न येणाऱ्या मूळ संख्या किती, याचेही उत्तर ज्ञात आहे. गणिती लागारियास यांनी १९८५ मध्ये सिद्ध केले की लुकास क्रमिकेतील एखाद्या तरी पदाला भागणाऱ्या मूळ संख्यांचे प्रमाण सर्व मूळ संख्यांच्या दोनतृतीयांश आहे. आपल्या विद्यार्थिनीला ५ च्या बाबतीत जे दिसले, ते एकतृतीयांश मूळ संख्यांच्या बाबतीत घडते. ही गोष्ट तिला जरूर सांगा.

पहिले शून्यस्थान आधीच सांगणारे साधे सूत्र मात्र नाही. प चा शेवटचा अंक १ किंवा ९ असेल तर ते प − १ ला भागते आणि ३ किंवा ७ असेल तर प + १ ला भागते (२ आणि ५ स्वतंत्र पाहावेत), एवढे खात्रीने म्हणता येते. २९ साठी १४ हे २८ ला भागते, ४७ साठी १६ हे ४८ ला भागते. त्या विभाजकांपैकी नेमका कोणता, हे करून पाहावे लागते. कोणत्याही भाजक म साठी पहिले शून्यस्थान २म च्या पुढे जात नाही, त्यामुळे करून पाहण्याला मर्यादा आहे. ६ साठी ते बरोबर १२ आहे.

बाकी बरेच काही परिस्थितीवर अवलंबून असते. सुरुवात तिसरीच कोणती तरी घेतली तर प्रत्येक भाजकासाठी वेगळा विचार करावा लागतो. ५ साठी तो सोपा आहे: दुसऱ्या पदाची बाकी पहिल्याच्या बाकीच्या तिप्पट असेल (तिप्पट ५ किंवा त्याहून मोठी झाली तर त्यातून ५ वजा करत), तरच ५ चा विभाज्य येत नाही. त्याला अपवाद फक्त दोन्ही बाक्या शून्य असण्याचा, कारण मग सगळीच पदे ५ ने विभाज्य असतात. ६, ८, १४, २२, ३६, ५८ ही क्रमिका अशीच कोरडी राहते, तर १, ४ ने सुरू केली की तिसरेच पद ५ आहे. बेरजेत गुणक आला, उदाहरणार्थ मागचे पद अधिक त्याच्या मागच्याची दुप्पट, तर २ ने भागताना मागे परतण्याची वाट बंद होते. ०, १, १, ३, ५, ११, २१ यात पहिल्या शून्यानंतर सम पद पुन्हा कधीच येत नाही.

नियमात तीन पदे गुंतली की चित्र आणखी बदलते. नारायण पंडितांच्या १३५६ मधील गणितकौमुदीत गाई आणि कालवडींचे प्रसिद्ध उदाहरण आहे: प्रत्येक गाय वर्षाला एक कालवड देते आणि कालवड चौथ्या वर्षापासून वेते. तिथे नवे पद म्हणजे मागचे पद अधिक तीन जागा मागचे पद: १, १, १, २, ३, ४, ६, ९, १३, १९, २८, ४१, ६०, ८८. वीस वर्षांचे उत्तर २७४५ याच क्रमिकेत येते. इथे सम पदे चौथ्या, सहाव्या आणि सातव्या जागी आहेत, मग अकराव्या, तेराव्या, चौदाव्या. फेरा सातचा आहे, पण अंतर समान नाही. कारण एकट्या शून्याने क्रमिका नव्याने सुरू होत नाही, त्यासाठी लागोपाठ दोन शून्ये यावी लागतात. त्यामुळे फिबोनाचीचा मसावीचा नियम इथे लावू नये.

आणि निव्वळ निरीक्षणावर किती विसंबावे, यासाठी एक उदाहरण. ३, ०, २ ने सुरू करा आणि नवे पद म्हणजे दोन जागा मागचे अधिक तीन जागा मागचे असे घ्या: ३, ०, २, ३, २, ५, ५, ७, १०, १२, १७, २२. पहिल्याला शून्यावे पद मानले तर प्रत्येक मूळ संख्येच्या जागेवरील पदाला त्या संख्येने भाग जातो, हे सिद्ध आहे. ४, ६, ८, ९, १० यांना जात नाही. यावरून मूळ संख्या ओळखण्याची कसोटी मिळाली असे वाटते, आणि ती दोन लाखांच्या पुढेही टिकते. पण २७१४४१ = ५२१ × ५२१ या संयुक्त संख्येपाशी ती मोडते. हे १९८२ मध्ये लक्षात आले. आपली शंभर पदे आणि चार बाक्यांचा फेरा यांत मी इतका फरक का करतो, ते यावरून ध्यानात येईल.

पुढच्या तासासाठी एक काम सुचवतो. मुलांना ७ ऐवजी ४९ चे, ५ ऐवजी २५ चे, ३ ऐवजी ९ चे पहिले शून्यस्थान काढायला सांगा, अर्थात बाक्यांच्या स्तंभात. ९ साठी १२ येईल, २५ साठी २५, ४९ साठी ५६: प्रत्येक वेळी मूळ संख्येचे शून्यस्थान गुणिले तीच मूळ संख्या. एखाद्या मूळ संख्येच्या वर्गाचे शून्यस्थान तिच्या स्वतःच्या शून्यस्थानाएवढेच असू शकते का, हा प्रश्न गणिती वॉल यांनी १९६० मध्ये उपस्थित केला. संगणकांनी फार मोठ्या मर्यादेपर्यंत शोध घेऊनही अशी एकही मूळ संख्या अद्याप मिळालेली नाही, आणि ती असूच शकत नाही असेही कोणी सिद्ध केलेले नाही. ११ आणि १३ यांच्या वर्गांसाठी स्तंभ लिहिताना ११० आणि ९१ ओळी लागतील, वर्गातल्या मुलांनी वाटून घेतल्या तर एका तासात होतात.